मामांची बदली

"आजोबा, कॉलेजं तपासणाऱ्या समितीनं प्राणिशास्त्राला गावातल्या कॉलेजला आणि विद्यापीठाला सारखेच गुण दिलेत. मग मी जायचं कुठं?"

आजोबांनी स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसला. गावातलं कॉलेज घरापासून हाकेवर. विद्यापीठ राज्याच्या दुसऱ्या टोकाला. राज्य एवढंसं, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडे औषध काढावं. तरी दुपारी जेवायला घरी येण्याइतकं लहान ते नव्हतं. आणि घरात माणसं दोनच, आजोबा आणि नात.

गुण सारखे कसे, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. गावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते, तेव्हा राज्यातल्या कॉलेजांत मिळून माणसाचा सांगाडा एकच. त्याला सगळे मामा म्हणत. तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी मामा त्या त्या गावी हजर. जीपच्या मागच्या सीटवर, आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून. रस्ते खराब, म्हणून आजोबा त्यांचा जबडा धरून बसत. नाहीतर मामा वाटभर बडबडत.

एकदा तिसऱ्या गावी समितीचे अध्यक्ष आजोबांकडे निरखून बघू लागले. तुम्हाला कुठंतरी पाहिलंय, म्हणाले. तो माझा जुळा भाऊ, असं आजोबांनी गंभीरपणे सांगितलं. अध्यक्षांनी मामांकडे पाहिलं, यांनाही आहे का, असं विचारलं आणि पूर्ण गुण दिले.

काय दिवस होते! राज्यातलं एकेक कॉलेज आजोबांनी आतून पाहिलं, प्रत्येक ठिकाणी चहा घेतला. शिकायला मात्र एकाही कॉलेजात गेले नाहीत. मामा अजून नोकरीत होते. निवृत्त झाले ते फक्त आजोबा.

नात वाट बघत होती. 'इथलंच बरं' एवढं म्हटलं असतं, तर तिनं ऐकलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"विद्यापीठात जा," ते म्हणाले.

"का?"

"तिथं मामांना कधी न्यावं लागलं नाही. विद्यापीठाचा सांगाडा विद्यापीठाचाच होता."

"आणि तुमचं कसं होईल?"

"मामांना सांभाळलं इतकी वर्षं. मी तर आपला आपण जेवतो."

ती हसली, आणि मग घाईघाईनं तोंड धुवायला गेली.

आजोबांनी माळ्यावरची बॅग काढली. चेन अडकत होती. मेणबत्तीचा तुकडा शोधून त्यांनी तिच्यावरून सावकाश घासला. चेन सुरळीत सरकू लागली, तरी ते बराच वेळ घासत राहिले.