मागं पडले

माझा धाकटा भाऊ मल्हारी विहिरीत पोहायला शिकला आणि मेंढरं राखता राखता नाथसागर धरणाच्या पाण्यावर होडी चालवायला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा, तो पावसाच्या तोंडावरच परतायचा. त्याची बायको सुगंधा लग्नापासून अशी अर्ध्याच संसारात होती. शहरात औरंगपुऱ्यात राहणाऱ्या नानासाहेबांच्या धरणावर शिडाच्या होड्या होत्या. त्यांनी शब्द दिला, यंदाची होड्यांची शर्यत जिंकली तर मल्हारीला आपल्या होड्यांवर बारमाही कामाला ठेवतो. बाई हरखून गेली. नवरा रोज घरी जेवायला यावा, एवढंच तिला हवं होतं. फार मागणं नव्हतं ते.

शर्यतीच्या दिवशी आषाढातला वारा असा सुटला की काठावर डोक्यावरचा पदर राहीना. अशा वाऱ्यात शिडाची होडी एका अंगाला कलते, म्हणून दुसऱ्या अंगाला माणसं बसवून वजन द्यावं लागतं. नानासाहेब, त्यांचा पुतण्या बद्रीनाथ आणि मल्हारी, तिघं पुरणार नव्हते. नानासाहेबांनी आणखी एक माणूस मागितला आणि सुगंधाच पुढं झाली. तरंगती जाकिटं मात्र तीनच होती. मल्हारीनं आपलं काढून तिला घातलं, बंदही त्यानंच आवळले. आणि तुझं काय, असं मी विचारलं तर हसला.

"अक्का, मी काय पाण्यात उतरतोय व्हय?"

नानासाहेबांनी सुगंधाच्या हातात शिडाची एक दोरी दिली आणि बजावलं, काही झालं तरी ही सोडायची नाही. तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

खरी चुरस कारखान्यातल्या पोरांच्या होडीशी होती. निम्म्या वाटेपर्यंत दोन्ही होड्या बरोबरीनं गेल्या. मग मागच्या टोकाला अडकलेली एक दोरी सोडवायला मल्हारी नानासाहेबांच्या पाठीमागं गेला. वाऱ्याचा झपाटा आला, होडीला हिसका बसला आणि तो पाण्यात गेला. नानासाहेबांची नजर शिडावर होती, बद्रीनाथ पुढं होता. पाहिलं ते फक्त सुगंधानं.

ती जीव खाऊन ओरडली, "मागं पडले! ओ साहेब, मागं पडले!"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि त्याला अरेतुरेही करत नाही. 'तो पडला' असं तिच्या तोंडून निघणारच नव्हतं. 'पाण्यात' हा शब्द त्या घाईत तिला सुचला नाही. नानासाहेबांना वाटलं, कारखान्याची पोरं मागं पडली असं ती सांगतेय. ते शाबास म्हणाले. बद्रीनाथनं आरोळी ठोकली. ती पुन्हा तेच ओरडली आणि हे पुन्हा खूश झाले. आरोळी काठापर्यंत आली तेव्हा आम्हीही टाळ्या पिटल्या.

शेवटी तिनं दोरी सोडली. शीड फडफडलं, नानासाहेब तिच्यावर खेकसले, आणि तेव्हा तिनं जन्मात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. तेव्हा कुठं दोघांनी मागं वळून पाहिलं. पण होडी खूप पुढं आली होती. वाऱ्याच्या उलट परतायला वेळ लागला आणि परतल्यावर लाटांत कुणाचं डोकं दिसेना.

दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्यांना तो सापडला. मला नानासाहेबांचा राग आला, बद्रीनाथचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मेल्या रीतीचा आला. माणसाशी भांडता तरी येतं. रीतीशी कुठं जाऊन भांडायचं?

सुगंधा रडली नाही. भेटायला येणारी माणसं काय झालं म्हणून विचारायची. ती पहिल्यापासून सगळं सांगायची आणि त्याच जागी येऊन अडायची. दहाव्याला बिडकीनची आत्या आली, तिलाही सांगायला लागली. "मग ते मागं पडले," म्हणाली आणि थांबली. आत्या पदर डोळ्याला लावून ऐकत होती. सुगंधानं मान हलवली आणि सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाली,

"नाय. तो पडला. मल्हारी पाण्यात पडला."

आत्यानं चपापून माझ्याकडं पाहिलं. सुगंधाही माझ्याकडंच वळली.

"अक्का, येवढंच म्हणायचं होतं ना?"

मी तिला जवळ घेतलं आणि मीच रडायला लागले.