गिरणीवाल्याची भाची

"ज्यांना रडू येतं त्यांनी आपापले टिश्यू आणावेत, हॉलमध्ये मिळणार नाहीत," असा मेसेज साधनाताईंनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हाच ऊर्मिलाला कळायला हवं होतं की हा शनिवार काही धड जायचा नाही.

साधनाताई म्हणजे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा. २०१६चा गणपती पार पडला होता, दिवाळीचा फराळ यायचा होता आणि मधल्या ऑक्टोबरात काहीतरी वैचारिक हवं अशी त्यांना उबळ आली होती. म्हणून सिनेमा. जर्मन, महायुद्धातला, एका ज्यू मुलीचा. निवड गौरांग केतकरची. गौरांग मंडळाचा सांस्कृतिक सचिव, नोकरीने सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आणि ऊर्मिलाचा होणारा नवरा. होणारा होणारा म्हणता म्हणता दोन वर्षं झाली होती. आता मात्र त्याची आई, वासंतीकाकू, तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून मुलगी बघायला आल्या होत्या. मुलगी त्यांना पसंत होती. आज सिनेमा संपला की चहाच्या वेळी चार लोकांत होकार सांगून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. ऊर्मिलाचं खरं आडनाव काकूंना ठाऊक नव्हतं.

पासपोर्टवर ती ऊर्मिला शशिकांत. शशिकांत हे वडिलांचं नाव. निलंग्याच्या शशिकांत सोनकांबळे गुरुजींनी लेकीला शाळेत घालताना आडनावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून दिलं होतं. "आडनाव ऐकलं की लोक पोर बघत नाहीत, जात बघतात. आधी तिचे मार्क बघू देत," असं ते म्हणायचे. पोरीने मार्क मिळवले, इंजिनिअर झाली, जर्मनीत येऊन एमआरआय मशिनवर काम करू लागली. लपवाछपवी बापाने सुरू केली खरी, पण ती मायेने. गौरांगची तऱ्हा न्यारी होती.

"मी असलं काही मानत नाही," हे वाक्य गौरांग महिन्यातून दोनदा तरी म्हणायचा, एखाद्याने बीपीची गोळी घ्यावी तसं. "पण आईचं तसं नाही ना. तिचं वय झालंय. तेव्हा लग्न होईपर्यंत गप्प राहू. मग सांगू. चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी येईल लायनीवर."

एवढं बोलून थांबला असता तरी एकवेळ चाललं असतं. पण आर्किटेक्ट ना तो! त्याने चक्क एक डॉक्युमेंट तयार केलं. संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मूळ गाव विचारलं तर 'मराठवाडा' म्हण आणि लगेच पावसाचा विषय काढ. कुलदैवत तुळजाभवानी सांग, ती सगळ्यांत चालते. आडनावावर अडलं तर पासपोर्ट ऑफिसच्या नावाने खडे फोड, तिथे कुणीच शंका घेत नाही. आमटीत गूळ घाल. सुकटीचं नाव काढू नकोस. त्या डॉक्युमेंटच्या तीन व्हर्जन्स झाल्या होत्या आणि तिसरीत 'हसून टाळणे' असा वेगळा मुद्दा होता.

आणि भिंतीवरचा फोटो. निळ्या कोटातले बाबासाहेब, वडिलांनी निलंग्याहून निघताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून दिलेले. "नुसते तीन महिने गं," गौरांग म्हणाला होता. "केलरमध्ये ठेव. तिथे कोरडं असतं." इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीची एकेक खोली असते, तिला इथे केलर म्हणतात. ऊर्मिलाने फोटो बेडशीटमध्ये गुंडाळला आणि सायकलच्या जुन्या टायरांशेजारी उभा करून आली. जिना चढताना तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की घरात शिरल्यावर तिने उगाचच दोनदा हात धुतले. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. आंधळा होत नाही, चांगला डोळे उघडे ठेवून गाढव होतो.

गेल्या रविवारी काकू जेवायला आल्या. सगळं घर फिरून पाहिलं, ओटा पाहिला, बाथरूमसुद्धा पाहिलं. "किती स्वच्छ ठेवलंयस गं!" म्हणाल्या. आमटीची वाटी दोनदा मागून घेतली. "हाताला चव आहे तुझ्या. अगदी आपल्यासारखी!" गौरांगने टेबलाखालून ऊर्मिलाचा गुडघा दाबला. परीक्षा पास.

तर असा तो शनिवार. भाड्याच्या सभागृहात साठेक माणसं, मागे चिवड्याचे डबे, त्यांत ऊर्मिलाच्या बेसनवड्यांचाही. आधी गौरांगचं प्रास्ताविक. कुडता घातला होता, आवाजात थोडा कंप होता. "मित्रहो, केवळ जन्मामुळे एका मुलीला आपलं नाव लपवावं लागतं. सिनेमा पाहताना प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. त्या काळी आपण तिथे असतो, तर काय केलं असतं?" टाळ्या पडल्या. काकूंनी लेकाकडे असं पाहिलं की जणू युद्ध त्यानेच थांबवलं होतं.

सिनेमा सुरू झाला. लेआ नावाची एकोणीस वर्षांची मुलगी. तिला खेड्यातला गिरणीवाला आपली भाची म्हणून घरी ठेवून घेतो आणि तिचं नाव बदलतो. आता ही पोर सहा आठवडे पिठाच्या पोत्यांमागे तळघरात लपते, पण केस बघावेत तर नुकतीच पार्लरमधून आल्यासारखे! उपासमारीने गाल बसायला हवेत, तर गालांवर लाली. जरा कुठे दार वाजलं की व्हायोलिन सुरू, म्हणजे आता घाबरायचंय हे आपल्याला कळावं. आणि असल्या सिनेमांत असतो तसा एक हळवा सैनिक होताच, ज्याला सगळं समजतं आणि जो पाठ फिरवून निघून जातो. लष्करात असे किती होते देव जाणे, पडद्यावर मात्र दर पलटणीत एक सापडतो. ऊर्मिलाला मनातल्या मनात हसू येत होतं.

मग ते हसू आटलं. गावचा पाद्री लेआकडून प्रार्थना घोकून घेत होता. आजीचं नाव काय? कुठल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला? शुक्रवारी काय खाता? चुकली की पुन्हा पहिल्यापासून. सभागृहात "अरेरे" झालं. साधनाताईंनी टिश्यू काढला. ऊर्मिलाने पुढच्या रांगेत बसलेल्या गौरांगकडे पाहिलं. तो डोळे पुसत होता! व्हर्जन तीनचा कर्ता, हमसून हमसून रडत होता.

शेवटी नोंदणी कचेरीतली एक कजाग बाई भर चौकात लेआला अडवते आणि आजोबांचं आडनाव विचारते. तेवढ्यात गिरणीवाल्याचा मुलगा, जो इतका वेळ नुसता पोती उचलत होता, तो गर्दीतून पुढे येतो. "ही माझी बायको आहे. विचारायचं ते मला विचारा." व्हायोलिनने नुसता कहर केला. सगळं सभागृह मुसमुसत होतं. काकूंचा तर पदर भिजला.

दिवे लागले. चहा आला.

"मेली ती कचेरीतली बाई!" काकू नाक पुसत म्हणाल्या. "आजी कोण, आजोबा कोण, कुठल्या गावचे. माणसाकडे माणूस म्हणून बघायला काय होतं गं यांना?" त्यांनी ऊर्मिलाच्या डब्यातली वडी तोंडात टाकली, समाधानाने मान डोलावली आणि तिचा हात हातात घेतला. आजूबाजूला साधनाताई आणि चारपाच जणी जमल्या. होकाराची वेळ झाली होती. "बरं का ऊर्मिला, आता पत्रिका छापायच्या, तर मला सांग, शशिकांत हे काही आडनाव नव्हे. तुझ्या आजोबांचं आडनाव काय?"

"हो ना," साधनाताई म्हणाल्या. "मीही कधीची विचारीन म्हणत होते. सहजच हं."

"आणि मराठवाड्यात तुम्ही नंतर आलात ना?" काकूंनी पुढे विचारलं. "त्याआधी मूळचे कुठले?"

म्हातारीच्या डोळ्यांत अजून लेआसाठी पाणी होतं. खोटं नव्हतं ते, अगदी खरं होतं. त्या पाण्यातूनच ती विचारत होती.

ऊर्मिलाने गौरांगकडे पाहिलं. तो प्रोजेक्टरपाशी उभा होता. त्याने हलकेच मान हलवली. पासपोर्ट ऑफिस. हसून टाळणे.

आणि टाळलंही असतं तिने. पण तिला चौकात उभी राहिलेली ती लेआ आठवली आणि संताप आला, तो स्वतःचाच. त्या पोरीने खरं सांगितलं असतं तर जिवाला मुकली असती. तिच्यासारख्या लाखो मुकल्या. ऊर्मिलाच्या जिवाला काय धोका होता? फार तर एक लग्न मोडेल. फार तर या चारचौघी चहाचा कप जरा लांब ठेवतील. एवढ्यासाठी आपण बापाने दिलेला फोटो टायरांशेजारी टाकून आलो?

"सोनकांबळे," ती म्हणाली. "आजोबा निलंग्याचेच. गावाबाहेरच्या वस्तीतले."

पुढचं व्हायोलिन कुणी वाजवलं नाही. एक जण चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागली. काकूंच्या हातातला ऊर्मिलाचा हात आपोआप मोकळा झाला, ओढून घ्यावाही लागला नाही.

"अगं मग त्यात काय एवढं!" साधनाताई सावरून घ्यायला धावल्या. "आम्ही कुणी असलं मानत नाही हं. आमच्या ऑफिसात पण एक आहे, इतका हुशार आहे, सांगितल्याशिवाय कळायचंसुद्धा नाही."

"मीही मानत नाही," काकू म्हणाल्या. आवाज कोरडा पडला होता. "पण आधी सांगायचं होतंस. मी तुझ्याकडे जेवून आले."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ऐकू गेलं. त्या लाल झाल्या, पण परत घेतलं नाही.

"सांगणार होते, काकू," ऊर्मिला म्हणाली. "गौरांग म्हणाला, लग्न होईपर्यंत थांब."

सगळ्या माना गौरांगकडे वळल्या. आता, बाबा, आता! साठ माणसं, मधोमध उभी असलेली मुलगी, आणि वाक्यसुद्धा आयतं. दहा मिनिटांपूर्वीच ऐकून रडलेलं. पुढे यायचं आणि म्हणायचं, बस्स. ऊर्मिला खरंच वाट बघत होती. एवढं सगळं होऊनही तिला वाटत होतं की तो येईल.

गौरांगने प्रोजेक्टरची वायर भिंतीतून काढली आणि कोपरावर गुंडाळायला लागला.

"आई, आपण घरी जाऊन शांतपणे बोलू," तो वायरकडे बघत म्हणाला. "आणि ऊर्मिला, हे आत्ता इथे काढायची काय गरज होती? हॉल सहाला रिकामा करायचाय."

ऊर्मिलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिने पुसलं, आज इथे रडणाऱ्यांची काही कमी नव्हती. मग ती म्हणाली, "तूच विचारलं होतंस ना रे, त्या काळी आपण तिथे असतो तर काय केलं असतं? तू वायर गुंडाळली असतीस."

कोट घेतला, सायकल काढली आणि निघाली. घरी वर न जाता आधी केलरमध्ये उतरली. बेडशीटची गाठ सोडली, फोटोवर जरा धूळ बसली होती ती बाहीने पुसली आणि वर आणून जुन्या खिळ्याला लावला. तोवर मोबाइलवर दोन मेसेज आले होते. साधनाताईंचा ग्रुपवर: "आजचा सिनेमा अंतर्मुख करून गेला! सर्वांचे आभार. ऊर्मिला, तुझा डबा हॉलवरच राहिलाय, वड्या तशाच आहेत." आणि गौरांगचा: "तू सांगणार आहेस हे मला आधी सांगायला हवं होतंस."

तिने उत्तर दिलं नाही. निलंग्याला फोन लावला. गुरुजी जेवून अंगणात बसले होते.

"बाबा, आज त्यांना आडनाव सांगून टाकलं."

"तुझे मार्क बघून झाले होते ना त्यांचे?" गुरुजींनी विचारलं.

"झाले होते," ती म्हणाली. "आज मी त्यांचे बघितले."

"मग?"

"नापास, बाबा. सगळे."

"गौरांग पण?"

ऊर्मिलाने खिळ्यावरचा फोटो उगाचच सरळ केला. पलीकडे गुरुजींनी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. "राहू दे," ते म्हणाले. "जेवलीस का?"