तीन घोडे कमी

फियाटचं इंजिन नव्याने बांधायला नूरमोहम्मद मिस्त्रीने बावीस दिवस घेतले. सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन घातले, हेड घासून घेतलं, हवेचे मार्ग आरशासारखे गुळगुळीत केले, वर मोठा कार्बोरेटर चढवला. या सगळ्याआधी तेच इंजिन टेस्ट बेंचवर अडतीस हॉर्सपॉवर भरलं होतं. आता पंचेचाळीसला टेकलं नाही तर नाव बदलीन, असं तो छातीठोकपणे बोलून बसला होता.

भरली पस्तीस.

चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी होता. चिंचवडला अण्णासाहेबांचा शेतीपंपांची डिझेल इंजिनं बनवायचा कारखाना होता. तयार इंजिन मागच्या शेडमध्ये बेंचवर बांधायचं, पाण्याच्या ब्रेकने त्याला अडवून धरायचं आणि ते किती जोर मारतं ते काट्यावर वाचायचं, अशी तिथली रीत. घाटातल्या मोटारींच्या शर्यतीत आपली फियाट उतरवायचं वेड अण्णासाहेबांनी घेतलं, म्हणून हे पेट्रोलचं इंजिनही त्याच बेंचवर चढलं होतं.

पाटीवरचा आकडा अण्णासाहेबांनी दोनदा वाचला. माणूस सभ्य. आवाज चढवला नाही. रुमालाने चष्मा पुसत एवढंच विचारलं, "मिस्त्री, आत गेलेले पिस्टन मी आणून दिलेलेच आहेत ना?"

नूरमोहम्मदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षं पान्ह्यावर हात चालला होता, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "तेच आहेत साहेब," तो म्हणाला. अण्णासाहेबांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती, हे त्याला स्वच्छ दिसलं.

आपला हात चोख होता, याची त्याला खात्री होती. मग तीन घोडे गेले कुठं? कुणीतरी खाल्ले असणार.

पहिलं नाव मनात आलं ते ज्योतीरामचं. बेंच तोच चालवायचा. कुरुळीचा गडी, रोज सायकलने कामाला यायचा, बोलायला मोजका. अण्णासाहेबांनी हे काम बाहेरच्या मिस्त्रीला दिलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं, असं शेडमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. ब्रेकचं पाणी, वजनाचा काटा, पाटीवरचा खडू, सगळं त्याच्याच ताब्यात. काटा थोडा इकडे-तिकडे करायला कितीसा वेळ लागतो?

"तुझा काटा बरोबर आहे कशावरून?" नूरमोहम्मदने दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारलं.

कारखान्यातलं पास झालेलं एक पंपाचं इंजिन ज्योतीरामने बेंचवर चढवलं. त्याच्या अंगावरच्या पट्टीवर पाच हॉर्सपॉवर कोरलेलं होतं, ब्रेकवरही पाचच भरलं. "बगा," तो म्हणाला आणि हात पुसत बाजूला झाला.

मग कोण? नूरमोहम्मदच्या मनात पाल चुकचुकली आणि ती थेट घरातच शिरली. बोअरिंग आणि हेड घासायचं काम त्याने रहिमानकडून करून घेतलं होतं. रहिमान म्हणजे त्याच्या बायकोचा, शमीमचा, धाकटा भाऊ. तळवड्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्याची दोन मशिनं होती. गेल्या आठवड्यात तो पिंपरीच्या दुसऱ्या एका गॅरेजवाल्याबरोबर चहा पिताना दिसला होता, आणि त्या गॅरेजवाल्याचीही गाडी शर्यतीत होती. आधी कधी न खुपलेली ती गोष्ट आता कुसळासारखी टोचायला लागली.

शमीमने जेवण वाढता वाढता सांगून पाहिलं, "रहिमान तसा नाही. आधी नीट बघा तरी."

"तू तुझ्या भावाचीच बाजू घेणार," तो म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

रहिमान मशिनवर वाकलेला होता. नूरमोहम्मदने दुआ-सलाम काही न करता उभ्या उभ्या विचारलं, "हेड किती घासलंस?"

"चाळीस थाऊ, दुल्हेभाई. सांगितलं होतं तेवढंच. मिलिमीटरभर."

"घासलंस, की घासलं म्हणून सांगितलंस?"

रहिमानने मशिन बंद केलं. "घासायच्या आधीचं माप हेडच्या बाजूला कोरून ठेवलंय. खोला आणि मोजा."

"आणि त्या पिंपरीवाल्याला काय सांगितलंस?"

"त्याच्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता तो. तुमचंही कार्ड माझ्याकडेच दिलंय." फळीवरचं कार्ड काढून रहिमानने त्याच्या हातात ठेवलं आणि पाठ फिरवून मशिन पुन्हा चालू केलं.

नूरमोहम्मदने हेड खोललं. मायक्रोमीटर तीन ठिकाणी लावला. कोरलेल्या मापापेक्षा बरोबर चाळीस थाऊ कमी, केसाचाही फरक नाही. बोअरही चारी सिलिंडरचे सारखे. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण आता संशय घ्यायला माणूसच उरला नव्हता. मग मन पुन्हा ज्योतीरामकडे वळलं. पंपाच्या इंजिनाला काटा खरा बोलला, पण फियाटच्या वेळी कशावरून?

नवं गॅस्केट घालून इंजिन पुन्हा बेंचवर चढलं. ज्योतीरामने बेंचवरचा, इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा शेवटच्या खाचेपर्यंत ओढला. नूरमोहम्मद त्याच्या खांद्याशी उभा राहून त्याच्या बोटांवर नजर रोखून होता. पाणी किती सोडतो, काटा कधी वाचतो, काही सुटू द्यायचं नाही. पुन्हा पस्तीस.

ज्योतीरामने इंजिन बंद केलं. "मिस्त्री," तो शांतपणे म्हणाला, "दोन दिस तुमी माझ्या हाताकडं बगताय. एकडाव इंजनाकडं बगा की."

"म्हणजे?"

"वरचा फिल्टर काढा. मी दांडा वढतो. कार्बोरेटरात वाकून बगा."

नूरमोहम्मदने फिल्टर काढला. दांडा शेवटच्या खाचेला टेकला, पण कार्बोरेटरातली, हवा आत सोडणारी पाकळी उभी झालीच नाही. अर्धवट तिरकी राहून गेली. त्याने बोटाने ढकलली, तशी ती आणखी चांगली बोटभर फिरली. क्षणात सगळं उलगडलं. जुन्या कार्बोरेटरचा पाकळी फिरवणारा हात आखूड होता, नव्याचा लांब. दांड्याची ओढ तेवढीच, त्यामुळे पाकळी अर्धीच उघडत होती. पुरती हवा न मिळता इंजिन धापा टाकत होतं. आणि दांड्यापासून त्या हातापर्यंतची तार जोडली होती खुद्द नूरमोहम्मदने, स्वतःच्या हाताने, एकदाही वाकून न बघता.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"वाटत व्हतं. पयल्या दिशी सांगाया आलो, तर तुमी म्हनला, माझ्या इंजनाला हात लावायचा न्हाई. मग न्हाई लावला."

नूरमोहम्मद खाली बसला. त्याने तार सोडली, कार्बोरेटरच्या हाताला मुळाजवळ नवं भोक पाडलं आणि तेवढ्याच ओढीत पाकळी पुरती फिरावी म्हणून तार तिथे जोडली. या वेळी ज्योतीराम दिवा धरून शेजारी बसला होता. पाकळी उभी झाली. ब्रेकवर चव्वेचाळीस भरली. ज्योतीरामने पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा घालून बघायला सुचवलं, आणि मग शेहेचाळीस.

अण्णासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. "मला खात्री होतीच तुमची," ते म्हणाले. नूरमोहम्मदला ते शब्द कडू लागले, पण बोलायला त्याला तोंड कुठं होतं? रहिमानला तर तो याहून वाईट बोलला होता.

तो तसाच तळवड्याला गेला. सगळं सांगितलं, काहीही झाकलं नाही.

रहिमानने ऐकून घेतलं. "दुल्हेभाई, आधी मोजलं असतं तर?"

"आधी बोललो. तीच चूक झाली. माफ कर."

"माफ केलं." रहिमानने चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "फक्त यापुढं माप कागदावर लिहून द्यायचं. खाली तुमची सही. काम झालं की माझीही."

शमीमला ही अट कळली तेव्हा तिचा चेहरा पडला. भावाभावासारखे वागणारे दोघं, त्यांच्यात कागद आला, असं ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी एका जीपचं बोअरिंग आलं. नूरमोहम्मदने मापं लिहिली, सही केली आणि कागद पुढे केला. रहिमानने तो घेतला, उजेडाकडे धरला आणि वरपासून खालपर्यंत एकेक आकडा वाचून पाहिला.