उतरवलेली पट्टी

गाणं निवडायचं तर आधी गळे बघावेत आणि मग पुस्तक उघडावं. बहुतेक चर्चच्या मंडळ्यांत उलटं चालतं. पाळकसाहेबांना मोबाइलवर एखादं गाणं आवडतं, आणि चाळीस जणांनी म्हटलेलं ते गाणं आठ जणांच्या क्वायरने त्याच थाटात म्हणावं अशी फर्माईश होते. मग बायका वरच्या सुरावर किंचाळतात, पुरुष पुटपुटतात आणि शेवटी तबलेवाल्याला दोष देऊन सगळे चहा पितात. इस्लामपूरच्या आमच्या चर्चमध्ये हे मी एकवीस वर्षं होऊ दिलं नाही. त्याचा मला गर्व होता. आता तो कुठे तोंड लपवून बसलाय कोण जाणे, कारण त्याच शहाणपणाने मी जयराजचा घात केला.

जयराज शाळेत माझा विद्यार्थी. मी संगीताची बाई, तो सहावीतला शेवटच्या बाकावरचा. आता एकोणपन्नासचा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क. आमच्या क्वायरमध्ये खरा गळा तेवढा एकच, बाकीचे सात जण श्रद्धेवर गातात. वर कितीही गेला तरी जयराजचा आवाज पातळ होत नसे. गुड फ्रायडेला तो उभा राहिला की वर्षभर चर्चचं तोंड न पाहिलेली माणसंही खाली माना घालत. तोंडावर मी त्याचं कधी कौतुक केलं नाही. माझा स्वभावच तसा, चुका आधी दिसतात.

बुधवार आणि शनिवार, साडेसहा ते आठ असा आमचा सराव. अवघड जागा पहिल्या अर्ध्या तासात, गळे ताजे असताना. सोपं गाणं शेवटी, म्हणजे माणसं घरी जाताना खूश असतात. प्रत्येक सरावाची मी वहीत नोंद ठेवते: तारीख, गाणं, कोण आलं नाही, आणि पट्टी. पट्टी म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुरावर गाणं उभं करायचं ते. जयराज असला की पांढरी तीन. इतरांना ती उंच पडे, पण त्याच्या मागे ओढत ओढत तेही पोचत.

डिसेंबरात सांगलीला मंडळ्यांची गायनस्पर्धा असते. गेल्या वर्षी त्यासाठी मी जुलैतच गाणं काढलं. आमचे तबलजी भाऊसो यांच्या आज्याने हाताने लिहिलेल्या वहीत मरीयेची एक अंगाई होती, कुणी फारशी न ऐकलेली. दुसऱ्या अंतऱ्यात ती अशी वर चढते की गाणाऱ्याची परीक्षाच. गाणं बघताक्षणी मला जयराजच दिसला.

बारा जुलैच्या सरावात त्या चढावर त्याचा आवाज चिरकला.

"गंज चढलाय बाई," तो हसून म्हणाला.

"मग घासून ये," मी म्हणाले, आणि पट्टी एक घर खाली घेतली. काळी दोन. वहीत तसं लिहिलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा चिरकला. मी पांढरी दोनवर आले. सप्टेंबरात आवाजाला खरखर आली, तेव्हा तो चढ मी त्याच्याकडून काढून क्वायरमधल्या रेश्माला दिला आणि त्याला खालचा सूर धरायला लावला. गाणं उलट जास्त खुललं. ऑक्टोबरात काळी एक. पंचवीस वर्षांचा गळा पन्नाशीला तसाच राहत नाही, पुरुषांचा आवाज उतरतोच, आणि गाणाऱ्याचं उणं कुणाला दिसू नये असं गाणं बसवणं हेच शिकवणाऱ्याचं कसब, असं माझं मत. मी ते कसब दाखवत होते. माझ्या हातात पेटी होती, म्हणून मला सगळं पेटीतूनच सोडवता येईल असं वाटत होतं.

रेश्मा एका दवाखान्यात नर्स आहे. सप्टेंबरातल्याच एका शनिवारी पेटीवर कापड घालताना ती म्हणाली, "बाई, जयराजदादांचा आवाज बसून दोन महिनं झालं. आमच्याकडं आसा पेशंट आला की डॉक्टर दुर्बिणीनं बघायला पाठवत्यात."

"तू तुझा निषाद बघ आधी," मी म्हणाले. "त्याचा घसा मी बघते."

सगळे हसले. जयराजही हसला. पोरगी कानापर्यंत लाल झाली आणि नंतर चार महिने माझ्याशी गाण्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. मी जयराजला मिठाच्या गुळण्या सांगितल्या, ज्येष्ठमध सांगितलं. मोठी धन्वंतरी लागून गेले होते ना.

ऑक्टोबरात तो स्वतःच म्हणाला, "बाई, येत्या बुधवारी मिरजेला जाऊन घसा दाखवून येऊ का? कारखान्यातबी सुट्टी हाय."

"बुधवारी? बुधवारी दुसरा अंतरा बसवायचाय. स्पर्धा होऊ दे, मग जा हवं तिथे."

"बरं," म्हणाला. शाळेतही असाच होता. बाईंनी बस म्हटलं की बसायचा.

नोव्हेंबरात कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं. भुसा आणि धूर, कारखान्यावरची निम्मी माणसं खोकत असतात. मग तर आवाजाला आयतं कारणच मिळालं. कुणी विचारलं की जयराज म्हणायचा, "गाळप चालू हाय न्हवं." त्याची बायको सोनिया तेच म्हणायची. मीही मान डोलवायचे. आवाज जुलैत बसायला लागला होता आणि जुलैत कारखान्याची चिमणी थंड होती, हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मला ते दिसलं नाही. खरं सांगायचं तर बघायचं नव्हतं.

सांगलीला आम्ही पहिले आलो. परीक्षक माइकवर म्हणाले, "गळे ओळखून गाणं कसं निवडावं, हे या क्वायरकडून शिकावं." टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी मला पुढे ढकललं, ढाल माझ्या हातात दिली. येताना जीपमध्ये सगळे गात होते. जयराज खिडकीशी गप्प बसला होता. मला वाटलं, समाधानात आहे.

जानेवारीत मी गुड फ्रायडेच्या तयारीला बसले. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात गाणी. पाचवा उद्गार तहानेचा, तो मी जयराजला ठेवला. खालची पट्टी, चढ नाही, ताना नाहीत. त्याच्या आवाजातली खरखर तिथे शोभून दिसेल असंही मनात आलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण आलं होतं.

पहिल्या सरावाला त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मी सूर पुन्हा दिला. पुन्हा हवा. मग तो खोकला, रुमाल तोंडाला लावला, आणि रुमाल लाल झाला. भाऊसोंचे हात तबल्यावर तसेच राहिले. रेश्मा उठली. मला न विचारता तिने मोबाइल काढला आणि तिथेच उभं राहून मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

सोनियाने सोबत चला म्हटलं म्हणून मीही गेले. वाट बघताना सात गाण्यांचं बघता येईल म्हणून वही पिशवीत टाकली होती. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

"गाळप सुरू झाल्यापासनं," सोनिया म्हणाली. "दोन म्हैनं झालं आसतील."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. तारखेसकट उत्तर माझ्या मांडीवर होतं. मी पिशवीचे बंद घट्ट धरून बसले. चाळीस वर्षं पोरांना उभं करून खरं बोलायला लावणारी बाई मी.

आठवड्याने रिपोर्ट आला. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "ही दोन महिन्यांची गोष्ट नाही. आवाज बसायला लागला तेव्हाच आला असतात तर विजेच्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल. मानेत गाठी उतरल्यात, त्यांचं काय होतंय ते पुढे बघू." सोनिया खुर्चीवर पुढेमागे झुलू लागली. जयराजने नुसतं विचारलं, "कवा करायचं?"

ऑपरेशन चार दिवसांवर ठरलं. ते चार दिवस मी वही उघडून बसले. पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक. एखाद्या डॉक्टरने ठेवावा तसा चोख तक्ता मी ठेवला होता, आणि उपाय म्हणून पेटीवरचं बोट सरकवलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी मिरजेला दवाखान्यात गेले. सांगितल्याशिवाय मला घास गिळवेना.

जयराज खाटेवर बसला होता. सोनिया खाली चहा आणायला गेली होती.

"सलाम, बाई," चर्चमध्ये म्हणतो तसं तो म्हणाला. घोगरं, वाऱ्यासारखं, पण शब्द कळत होते.

मी वही त्याच्यापुढे उघडली. जुलैपासूनचं सगळं सांगितलं. रेश्माला कसं गप्प केलं ते, त्या बुधवारचं, डॉक्टरांपुढे तोंड शिवून बसले तेही. मी रडत होते. त्याने ऐकून घेतलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"मला म्हाईत हुतं, बाई," तो थांबत थांबत म्हणाला. "तुमी पट्टी उतरवायला लागला तवाच कळलं, बाईंच्या कानावर पडलंय. तुमचा कान लय तयार. शाळंत चाळीस पोरांतनं एक बेसूर पोरगं हुडकायच्या तुमी. म्हटलं, काय वंगाळ आसतं तर बाई बोलल्या आसत्या. बाई नुसती पट्टी उतरवत्यात, म्हंजे वयाचंच हाय. मग मी बिनघोर झालो."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो मात्र समजूत काढत बसला. तुमी डॉक्टर हाय व्हय, म्हणाला. तंबाखू मीच खाल्ली धा वर्सं, म्हणाला. सांगलीची ढाल तुमच्यामुळं आली, म्हणाला. एकेका वाक्याला दम खात होता, आणि मी हावरटासारखी ते ऐकत होते. माझं ओझं उतरत होतं. अर्धा तास गेला असेल.

मागे चाहूल लागली. सोनिया दारात उभी होती, हातात चहाचा थर्मास. कधीपासून उभी होती कळलं नाही.

"तुमाला ऐकू येत हुतं, बाई?" तिने विचारलं.

"हो."

"आमाला न्हाई कळलं. रोजचा आवाज, बारीक बारीक बसत गेला, घरात कुणाला कळलंच न्हाई. तुमाला कळलं, आनि तुमी गाणं बदललं?"

जयराजने हात वर करून तिला थांबवायला बघितलं. तोंड उघडलं, पण आता नुसती हवा आली. दोनदा. त्याने गळ्याला हात लावला आणि भिंतीला टेकला.

सोनियाने थर्मास खिडकीत ठेवला. मला चहा दिला नाही.

"जावा तुमी आता," ती म्हणाली. "आमची पूजा निघालीय पुण्यासनं, तासाभरात यील. लेकीशी बोलायला राखून ठेवला हुता त्यांनी सकाळपासनं आवाज."