रहमत शेखची उंची

रहमत शेख वीतभर बुटका झाला होता आणि कॉम्प्युटरला ते मंजूर नव्हतं.

रत्नप्रभाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाकीची सगळी फाईल मुकाट्याने चढली होती, ही एकच ओळ लाल. पहिल्या भेटीत गडी चांगला उंच, दुसऱ्या भेटीत तेवढाच, आणि तिसऱ्या भेटीत एकदम खाली. म्हातारपणी माणूस वाकतो हे बाईंना ठाऊक होतं, त्या स्वतः वाकत चालल्या होत्या. पण एवढं वाकायला निदान अर्धं आयुष्य लागतं, आणि इथे मध्ये फक्त एक पावसाळा गेला होता.

वणीत एका कापड दुकानाच्या माडीवर संशोधनाचं हे ऑफिस होतं. राजूरकडच्या कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर ज्यांनी हाडं झिजवली, त्या पुरुषांचा श्वास किती उरला आहे हे दर काही महिन्यांनी मोजायचं, असा एकूण मामला. माणूस तोच, मोजमाप पुन्हा पुन्हा. म्हणून एका क्रमांकाखाली दर भेटीची वेगळी ओळ. सुनील घरोघर जाऊन लोकांना नळीत फुंकायला लावायचा आणि आकडे टॅबमध्ये भरायचा. ती फाईल तपासून मोठ्या डेटाबेसमध्ये चढवणं हे बाईंचं काम. श्वास कमी-जास्त झाला तर मशीनची हरकत नव्हती, सगळा खटाटोप त्याचसाठी होता. जन्मतारीख आणि उंची मात्र हलता कामा नये. हलली की ओळ लाल.

लाल ओळ दिसली की बाईंचा चेहरा खुलायचा. वडील केळापूर तहसिलीत कारकून, नवरा पाटबंधारे खात्यात. दुसऱ्याची चूक पकडणं हा त्या घराण्याचा वडिलोपार्जित धंदाच होता. त्यांनी सुनीलला खालच्या टपरीवरून वर बोलावलं आणि टेप उलटी धरली होतीस का, म्हणून विचारलं.

सुनील दारातच उभा राहिला.

"टेप बराबर हाये, मॅडम. माणूस बदलला."

"म्हणजे?"

"आता खैरुनबी फुकते. त्याची बायको. रहमतभाई तं पोयाच्या सनाआंधीच गेला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मला सांगायचं नाही का, असं त्या म्हणाल्या, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

"सांगतलं असतं तं तुमी नाव कापलं असतं. कैची तुमच्याच हातात हाये ना. नाव गेलं का पंप गेला. तिचा दम पाह्यला नाही तुमी."

पंप म्हणजे श्वासाच्या औषधाचा पंप. दर भेटीला मिळायचा, पण यादीतल्या माणसालाच. आणि यादीत फक्त पुरुष, तेही हजेरीपटावर नाव असलेले.

इतक्यात नागपूरहून हे संशोधन चालवणाऱ्या अभिषेक सरांचा फोन आला. वयाने बाईंच्या मुलासारखा, बोलायला गोड आणि नेहमी घाईत. संध्याकाळपर्यंत फाईल चढायला हवी होती. उंचीची अडचण ऐकून तो हसला. माणसाची उंची काय बदलते का काकू, फील्डवर असं होतंच, पहिल्या भेटीचा आकडा धरा आणि खालपर्यंत ओढून टाका. बाई बरं म्हणाल्या. पण ओढलं नाही. ऑटो करून त्या राजूरला गेल्या, कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठल्याच बिलावर सही करायची नाही, ही नवऱ्याची शिकवण होती.

घराच्या दाराला वरच्या चौकटीवर गोणपाट गुंडाळलेलं होतं. खैरुनबी खाटेवर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकून बसली होती, जणू आत्ता उठून पळत सुटणार आहे. बाईंना पाहताच तिने उशाजवळचा पंप ओढणीखाली घेतला.

बाईंनी आधी तिला दम खाऊ दिला. मग काही विचारायचं म्हणून गोणपाट कशाला, ते विचारलं.

"अय्याजचे अब्बा उंच होते ना," खैरुनबी म्हणाली. दोन शब्द झाले की ती थांबायची. "डोकं लागे. मंग मीनंच बांधलं. आता कोनाचंच लागत नाही."

ती सांगत गेली ते तुकड्यातुकड्यांनी. सायडिंगवर तीही झाडायची, वॅगनमधून सांडलेला कोळसा. नवरा भरायचा, ही त्याच्या बाजूला झाडायची. धूळ दोघांत वाटून खाल्ली. पण हजेरी त्याची लागायची, हिची कधी लागली नाही. त्यामुळे आजारही कागदावर त्याचाच. सुनील तिसऱ्यांदा आला तेव्हा हिला धाप लागली होती. त्याने नळी पुढे केली आणि हिने धरली, एवढंच. ठरवून कुणी काही केलं नाही.

"नाव बी ईचारते तो," ती म्हणाली. "फुकाच्या आंधी."

नियमच होता तसा. फुंकण्याआधी माणसाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, म्हणजे भलतीच फुंक भलत्या नावावर जात नाही. हा नियम ज्याने केला त्याला राजूर ठाऊक नसावं.

"उभ्या जिंदगीत त्याईचं नाव नाही घेतलं मी, बाई. आता घेतल्याबिगर हवा भेटत नाही."

रत्नप्रभाबाईंनीही नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते उखाण्यात, आणि नंतर थेट बँकेच्या खिडकीपाशी. नवरा गेल्यावरही घराचं लाईटबिल अजून त्याच्याच नावाने येत होतं. मेलेल्या माणसाच्या नावावर दिवे जळतात, पंखा फिरतो, कुणाचं काही अडत नाही, हा हिशेब त्यांनी परतीच्या ऑटोत मांडला. ऑफिसात आल्यावर पहिल्या भेटीची उंची धरून खाली ओढली. रहमत शेख पुन्हा पूर्ण उंचीचा झाला. ओळ चढली.

चौथ्या भेटीनंतर अभिषेकचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात घाई नव्हती. राजूरच्या त्या रहमत शेखचा आलेख त्याने पाहिला होता. एवढ्या वेगाने कुणाचाच श्वास खाली गेला नव्हता. त्याला ताबडतोब नागपूरला आणायचं, गाडी आपली, खर्च आपला, सोबत आधार कार्ड.

"अजून वेळ आहे, काकू," तो म्हणाला. "आत्ता आणला तर माणूस वाचेल."

त्या घसरणीतला काही भाग पुरुष आणि बाई यांच्या छातीतल्या फरकाचा होता, तो बाईंना कळत होता. उरलेला खरा होता. तोही काही थोडा नव्हता.

बाईंनी मनात दोन्ही रकाने मांडले. खरं सांगितलं तर रहमतचा क्रमांक बंद, पंप बंद, सुनील घरी आणि त्या स्वतःही. आणि खैरुनबी यादीत बसणारच नव्हती, तिच्यासाठी गाडी निघणार नव्हती. न सांगितलं तर गाडी येणार होती ती मेलेल्या माणसाला न्यायला. दोन्ही बाजूंची बेरीज त्यांनी जन्मभर जुळवली होती. ही जुळेना. विचारून सांगते, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

राजूरला जाऊन त्यांनी खैरुनबीला समजावलं. तुझ्या नावाने यवतमाळला जा, मोठ्या दवाखान्यात, मी सोबत येते. तिने विचारलं, "माह्या नावानं गेली तं इथला पंप राहीन ना?" राहील, असं बाईंना छातीठोकपणे म्हणता आलं नाही. ते थोडं थांबणं खैरुनबीने ऐकलं. मग म्हणाली, ईद होऊन जाऊ द्या, मंग जाऊ. बाईंनी आग्रह केला नाही. नागपूरला त्यांनी कळवलं की रुग्ण यायला तयार नाही. यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तेच त्यांना पुढे बरेच दिवस बोचलं.

पाचव्या भेटीची फाईल आली त्या दुपारी रहमत शेखची ओळ पुन्हा लाल होती. उंची बरोबर होती. सुनील ती आता न मोजताच बरोबर भरायचा. 'नाव विचारून खात्री केली का' या रकान्यात 'हो'. पुढे फुंकेचे रकाने रिकामे.

बाईंनी फोन लावला. सुनीलच्या मागे माणसांचे हलके आवाज येत होते. तो कब्रस्तानाबाहेर उभा होता.

"सकायी गेलतो, मॅडम. बसून होती. नळी धरली तोंडाशी, पन फुकता नाही आलं. नाव घेतलं फक्त. मी निघालो अन् घंटाभरात अय्याजचा फोन."

मग मृत्यूची तारीख कोणती टाकायची, ते त्याने विचारलं.

बाईंनी आधी रहमतची खरी तारीख भरून पाहिली. मशीनने ती घेतली नाही. शेवटच्या भेटीआधी माणूस मेलेला चालत नव्हता. मग त्यांनी आजची भरली. ती घेतली.

तरी ओळ लालच राहिली. फुंक का नाही, याचं कारण हवं होतं. घरी नव्हते. नकार दिला. गाव सोडले. बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि 'इतर' निवडलं. खाली शेरा लिहायला एक छोटी चौकट उघडली. खाली दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं, तो आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या.

मग त्यांनी टाईप केलं : नाव सांगितले.

ओळ काळी झाली आणि बाकीच्या ओळींमध्ये जाऊन बसली.