मागच्या गल्लीतले काका

"फील द बर्न" असं ओरडायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून तेच शब्द आले, तिच्याच चालीवर.

"फील द बर्न! कम ऑन, यू गॉट धिस!"

जिममधला तिचा सकाळचा वर्ग गुडघे वाकवून होता तसाच थबकला आणि खो-खो हसत सुटला. ओरडणारे तिचे बाबा होते. 'गॉट'वर ती जसा हेल काढायची तसाच त्यांनी काढला होता. कोटाच्या उरलेल्या कापडाची, बाजूला अस्तराची पांढरी पट्टी लावलेली ट्रॅकपँट त्यांनी स्वतःच शिवली होती, आणि ती घालून ते घामाघूम उभे होते, खुशीत.

लोकांचं हसणं काही वाईट नव्हतं. तिने मात्र आधी मालकांच्या केबिनकडे पाहिलं.

कारण ही सगळी वाक्यं तिने घरी घोकली होती. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, एकेक वाक्य उचलायचं आणि ते जिभेवर नीट बसेपर्यंत बाबांवर ओरडायचं. बाबा शिलाई मशीनवरून उठून समोर उभे राहायचे. तिने 'बीस्ट मोड' म्हटलं की हात वर, 'लेग डे' म्हटलं की बैठक, गळ्यातली टेप हलत असायची. घरात लोळत पडणाऱ्या माणसाला 'काउच पोटॅटो' म्हणतात हे तिने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "बटाट्याने काय घोडं मारलंय त्यांचं?" दोघं पोट धरून हसली होती. या वाक्यांपलीकडे तिचं इंग्रजी फारसं जात नव्हतं, पण ते जिममध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. कुठे शिकलात असं कोणी विचारलं, की ती हसून विषय बदलायची. नव्या शाखेची मुख्य ट्रेनर कोण, हे मालक याच आठवड्यात ठरवणार होते.

अशात डॉक्टरांनी बाबांना व्यायाम सांगितला. जिममध्ये पहिला आठवडा कोणालाही फुकट होता. "तुम्ही मागाहून या, मला लवकर जावं लागतं," असं ती त्यांना म्हणाली होती. लवकर जावं लागायचं हे खरंच होतं. पण आपण ते का सांगितलं, हेही तिला पक्कं माहीत होतं.

"काका, भारीच की. कुठे शिकलात हे सगळं?" पुढच्या रांगेतल्या बँकवाल्या बाईंनी विचारलं.

बाबांचा चेहरा फुलला. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. केबिनच्या काचेमागून मालकांनीही मान वर केली.

"आमच्या मागच्या गल्लीत राहतात," ती बोलून गेली. "व्हिडिओ बघत असतील."

बाबा खाली वाकले, ट्रॅकपँटची पट्टी उगाच सरळ करत राहिले. मग म्हणाले, "हो, व्हिडिओच बघतो. सॉरी हं, मॅडम. मध्येच बोललो."

वर्ग पुढे सुरू झाला. ती ओरडत होती, पण मागच्या रांगेकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

संध्याकाळी तिने चहाचा कप मशीनशेजारी ठेवला आणि तिथेच घुटमळत राहिली. बाबा एका शर्टाची बाही उसवत होते. त्यांचा चेहरा रोजच्यासारखाच होता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्या बँकेतल्या बाई विचारत होत्या, गल्लीत नेमकं कुठे राहता," ते मान वर न करता म्हणाले. "मी म्हटलं, दवाखान्याच्या वरती. चालेल ना? तुझ्या आणि माझ्या सांगण्यात फरक पडायला नको."

"चालेल," ती म्हणाली. लाजेने तिचे कान तापले होते.

"आणि आता मी ओरडणार नाही. तू निर्धास्त राहा."

दुसऱ्या दिवशी लेग डे होता. मालक केबिनमधून बाहेर येऊन, हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. ती ओरडली, "बीस्ट मोड!" आणि तिची नजर मागच्या रांगेवर गेली. बाबा बैठका काढत होते. तोंडातून आवाज नव्हता, पण तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. एखादा शब्द तिला आठवला नाहीच, तर तो सांगायला तयार असल्यासारखे.

तिने पुढचं वाक्य सोडून दिलं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, पुढे या."

वर्ग थांबला. कोणाला काही कळेना. बाबा एकटेच बैठका काढत राहिले.

"बाबा," तिने पुन्हा हाक मारली, या वेळी आवाज चिरकला.

बँकवाल्या बाई मागे वळल्या. "काका, मॅडम कोणाला बोलावतायत हो?"

बाबा उभे राहिले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"त्यांचे वडील आले असतील," ते म्हणाले आणि सगळ्यांबरोबर दाराकडे वळून पाहू लागले.