रॉकेटवरचं विमान

विजयमालाचा भाऊ रणजीत मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. शहाण्णव साली सुट्टीवर आला तेव्हा त्याने दाजींसाठी एक चपटा खोका आणला. आत हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पुठ्ठ्याची नळी आणि फटाक्याची दारू भरलेली बोटाएवढी इंजिनं होती. रॉकेटने विमान वर न्यायचं, वर गेल्यावर इंजिनाची नळी सुटून पडायची आणि विमानाने एकट्याने तरंगत खाली यायचं, असा तो प्रकार.

दाजी म्हणजे हौसेराव. मूळचे साताऱ्याचे, कळंबोलीत ट्रान्सपोर्टचा धंदा. नेरूळच्या घरी ते जेवणाच्या टेबलावर गोंद घेऊन बसले. इंग्रजी सूचना विजयमाला वाचून दाखवत होती.

"पंखांची टोकं वर उचललेली पाहिजेत, असं लिहिलंय."

"पंख तो पंख. सरळच बरा," हौसेराव म्हणाले आणि सरळ चिकटवला.

रविवारी त्यांनी विमान गच्चीवरून हाताने सोडून पाहिलं. ते उलटं होऊन सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज यांच्या खाली वाळत घातलेल्या पापडांत पडलं. धर्मराजांनी ते वर आणून दिलं. शेपटीला पापड चिकटलेला होता.

"वारा वाईट होता," हौसेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर विजयमालाने ब्लेडने पंख सोडवले, टोकांखाली काडेपेट्या ठेवून पुन्हा चिकटवले आणि नाकाला शाडूची गोळी लावली. संध्याकाळी हौसेराव पंखांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग चहा प्यायले.

पुढच्या रविवारी विमान गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत गेलं.

"आज वारा बरा हाय."

"हो," विजयमाला म्हणाली.

खरं उड्डाण सारसोळ्याला, खाडीकाठच्या मोकळ्या जागेत झालं. जागा पंढरीची. त्याचे दोन ट्रक हौसेरावांकडे लागलेले. त्याची आई सखू खुर्ची घेऊन आली. ट्रकच्या बॅटरीला वायर जोडून हौसेरावांनी बटण दाबलं. फुस्स करून विमान माडांच्या वर गेलं, फट्‌ आवाज झाला, नळी खाली पडली आणि विमान गोल गोल फिरू लागलं. हौसेरावांचं तोंड उघडंच राहिलं. फिरत फिरत विमान खाडीवर गेलं आणि तिवरांच्या झुडपांत उतरलं.

"होरी हाय, पन दोघंच मावतील," पंढरी म्हणाला. विजयमाला पदर खोचून होडीत जाऊन बसलीसुद्धा.

काठावर हौसेराव आणि सखू उरले.

"पंख कोनी लावलं?" सखूने विचारलं.

"तिनं. मी सरळ लावलेले."

"मंग परलं असंल."

"पडलं."

होडी परतली. पंख धड होते, शेपटी मोडली होती.

"शेपटी माझी," हौसेराव बायकोला म्हणाले.

"माहीत आहे. तिला मी हात लावला नव्हता."

पुढच्या खेपेला ते वारा जमिनीकडे असताना गेले. बटण विजयमालाने दाबलं. विमान सावकाश फिरत सखूच्या अंगणात उतरलं. तिने ते उचलून धूळ फुंकली, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मानूस बसंल असं व्हईल काय?"

"तिला विचारा," हौसेराव म्हणाले.

विजयमालाने जरा विचार केला. "टेबल मोठं लागेल," ती म्हणाली.